चार बोटं आखूड

शाळेच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यानं नातीला न्यायला आलेल्या बाईंचं कार्ड हातात घेतलं, उलटून पाहिलं आणि परत दिलं नाही. झालं ते एवढंच. चार वर्षं रोज दुपारी बाई ते कार्ड पिशवीतून काढून त्याच्या नाकासमोर धरायच्या आणि तो न बघताच मान हलवायचा. कार्डावर बाईंचा फोटो होता, भांडायला निघाल्यासारखा. आज त्यानं ते टेबलाच्या खणात टाकलं, खण पोटानं आत लोटला आणि जमिनीकडे बघत म्हणाला की सूनबाईंनी लिहून दिलंय, मुलीला आता तुमच्याकडे सोडता येणार नाही. वाईट माणूस नव्हता तो. त्याच्या खोलीच्या एकुलत्या एका खिडकीला बाईंनीच उरल्यासुरल्या कापडातून पडदा करून दिला होता. मागे इतर मुलांच्या आया उभ्या होत्या. मघापासून चाललेली त्यांची कुजबुज एकदम थांबली, तेव्हा बाईंना कळलं की सगळ्यांना नीट ऐकू गेलंय. आत पायरीवर नात बसली होती. तिला घरात कोणी नावानं हाक मारत नाही. जन्मली तेव्हाच तिचा एवढासा गोल चेहरा बघून बाईंनी तिला बटण म्हटलं आणि तेच चिकटलं. एरवी आजी दिसली की दप्तर फरपटत धावत येणारी बटण आज उठली नाही. तिनं आजीकडे एकदा पाहिलं आणि मग स्वतःच्या बुटांकडे बघत राहिली.

सून आली ती अंगातला पांढरा कोट न काढताच. चष्म्याच्या दुकानात ती लोकांचे डोळे तपासते. दिवसभर माणसांना विचारायचं, हे अक्षर दिसतं का, आता दिसतं का, आणि त्यांच्या डोळ्यांत उजेड पाडून आत काय बिघडलंय ते बघायचं. अशी बाई घरात आणली तेव्हाच समजायला हवं होतं. तिनं चार शब्द सुनावले असते तर बाईंनी आठ परत केले असते आणि दोघी मोकळ्या झाल्या असत्या. पण ती फक्त म्हणाली, "आई, तुम्ही घरी जा. थर्मासमध्ये चहा ठेवलाय." मग बटणचा हात धरून ती उलट्या दिशेनं चालायला लागली. चहा ठेवलाय म्हणे. तोंडात मारली असती तर बरं. बाई तिथेच उभ्या राहिल्या, पिशवीच्या आत हात घालून कार्डाची रिकामी जागा चाचपत, दात पडल्यावर जीभ पुन्हा पुन्हा त्याच खळग्यात जाते तशी.

घरी आल्यावर त्यांनी चहा ओतला नाही. मागच्या खोलीत शिलाईचं शेवटचं मशीन होतं, त्याच्यासमोर जाऊन बसल्या. एकेकाळी अशी सहा होती. कारखाना म्हणायच्या बाई त्याला. नवरा दुकान म्हणायचा, आणि गिऱ्हाइकं नुसतं 'बाईंकडे' म्हणायची. दवाखाने, सभागृहं, नव्या नवरा-बायकोची घरं, सगळ्यांचे पडदे. बाईंनी दोन इयत्ता कशाबशा केल्या होत्या, पण खोलीत पाऊल टाकलं की खिडकीची उंची डोळ्यांनीच मोजायच्या, आणि नवरा मागून टेप लावायचा तेव्हा अर्ध्या बोटाचासुद्धा फरक निघायचा नाही. तो कापायचा, बाई शिवायच्या. शांत माणूस होता. कात्रीचा आवाज तेवढा त्याचा. त्याच्या शांतपणाची भरपाई बाई करायच्या. मुली मशीनवर बसायच्या आणि बाईंच्या जिभेनं सरळ टीप मारायला शिकायच्या. तुझी टीप बघून साप लाजेल, असं त्या म्हणायच्या, आणि मुली रडायच्या, आणि त्याच मुली लग्न ठरलं की आईच्या आधी बाईंना सांगायला यायच्या. हे सगळं होतं. कोणी म्हणेल की नव्हतं, तर त्यानं यावं समोर.

नाटकगृहाचा पडदा शिवला त्या वर्षी पहिला घोट. लाल मखमल, इतकी जड की चौघांनी उचलावी. तीन आठवडे खांद्यातून कळा निघत होत्या. पडदा टांगला, दोरी ओढली, आणि तो सरकत सरकत उघडला तेव्हा नाटकवाल्यांनी टाळ्या वाजवल्या आणि बाईंच्या हातात एक ग्लास दिला. नवऱ्यानं दुसरीकडे पाहिलं. बाईंनी औषध प्यावं तसा तो संपवला. चव घाण होती. पण थोड्या वेळानं वाटलं, कोणी तरी मागून येऊन, न विचारता, खांद्यावरचं ओझं उचलून बाजूला ठेवलं. असं आयुष्यात आधी कोणी केलं नव्हतं. ते बाई विसरल्या नाहीत, पण मागेही लागल्या नाहीत, वर्षानुवर्षं नाही. नवरा गेला, त्याची कात्री कोणाच्या हातात बसेना, मशीनं एकेक करून गेली, आणि मुलगा म्हणाला, आई, आता आराम कर. मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याला वाटतं माणूससुद्धा मधल्या मजल्यावर थांबवून ठेवता येतो. आरामात खांदे जास्त दुखायला लागले. मग एक चमचा. मग अर्धा कप. मशीनच्या खणात, तेलाच्या बुदल्यामागे, एक चपटी बाटली. बाईंच्या लेखी दारू पिणारे वेगळे. ते रस्त्यात लोळतात, बायकोला मारतात, भांडी विकतात. बाई फक्त खांदा उतरवून ठेवत होत्या. मनातल्या मनात त्यांनी त्याला तेच नाव दिलं होतं. आज जरा लवकर खांदा उतरवला. आज दोनदा उतरवला. मागच्या मंगळवारी शाळेत जायच्या आधीच उतरवला, आणि बाटली पिशवीत घेतली. त्यापुढचं त्या आठवायला लागल्या की बसच्या थांब्यावरच्या बाकापर्यंत यायच्या आणि तिथेच थांबायच्या.

चार महिन्यांपूर्वी सुनेनं एक चिठ्ठी दिली होती. दिली नव्हती, दोरा गुंडाळायच्या बॉबिनांच्या डब्यात ठेवली होती, जिथे बाईंशिवाय कोणाचा हात जात नाही. डोळे तपासायच्या पाटीवर असतात तशी मोठी, सुटी, काळी अक्षरं, बाईंना लावून वाचता यावीत म्हणून. बाईंनी लावून वाचली. बैठक. दारू सोडणाऱ्यांची. गुरुवार, पाच वाजता. ज्यांना येता येईल त्यांनी यावं, कोणी नाव विचारत नाही. बाईंनी तिची घडी घातली, घडीची घडी, आठ पदर होईपर्यंत, आणि मशीनचा एक पाय हलत होता त्याच्याखाली ती सरकवली. म्हटलं, काही तरी कामाला आली. चार महिने त्या चिठ्ठीवर मशीन घट्ट उभं होतं आणि सुनेनं एकदाही विचारलं नाही. खोली झाडताना तिनं पाहिली असणारच. तिच्या नजरेतून काय सुटतं.

आज गुरुवार होता. बाई जमिनीवर बसल्या, मशीन एका हातानं कलतं केलं आणि चिठ्ठी ओढून काढली. बैठकीचा दिवस शाबूत होता, वेळ शाबूत होती. पत्त्यात मात्र जिथे घडीवर घडी पडली होती तिथे लोखंडी पायानं कागद खाऊन टाकला होता. गंजाच्या कडेचं एक भोक, आणि त्याच्या अलीकडे 'वाचनालय' आणि पलीकडे 'मागचं दार'. स्वतःच्या हातानं पत्ता मिटवला होता बाईंनी. मुलाला फोन करून विचारता आलं असतं. सुनेला तर एका शब्दात. बाईंनी खण उघडला, बाटलीकडे पाहिलं, खण बंद केला. पुन्हा उघडला. मग मशीनवर हात टेकून उठल्या तर मशीन डुगडुगलं, आणि त्या आवाजाची त्यांना विनाकारण भीती वाटली.

नव्या वाचनालयाला मागचं दारच नव्हतं. तिथल्या कारकुनानं कसली बैठक म्हणून इतक्या मोठ्यानं विचारलं की पुस्तकांत डोकी घातलेली चार माणसं वर बघायला लागली. बाई म्हणाल्या, मुलासाठी हवंय. पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा जीभ अडखळली. औषधाच्या दुकानात म्हणाल्या तेव्हा अडखळली नाही. कोपऱ्यावर खुर्च्यांना गाद्या लावणाऱ्याकडे पोचेपर्यंत मुलगा पाच वर्षं पीत होता, दोनदा नोकरी गेली होती, आणि गाद्यावाल्याला बाईंची इतकी कीव आली की त्यानं बसायला खुर्ची दिली. तो बिचारा मुलगा त्या वेळी कुठल्या तरी इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काम करत असेल. आयुष्यात त्यानं सरबताच्या पलीकडे काही चाखलं नाही. बाई चालत होत्या, आणि चालता चालता त्या मुलाचा त्यांना खराच राग यायला लागला, जो मुलगा नव्हताच. मेल्याला लाज नाही, म्हाताऱ्या आईला उन्हात फिरवतो. हात थरथरत होते. ते उन्हानंच, दुसरं काय.

किल्ल्या करणारा माणूस पुलाखालच्या टपरीत बसला होता. पुढ्यात चिमटा, कानस, मांडीवर पितळेचा कीस. चाळिशीचा असेल, एक भुवई कापलेली. बाईंनी त्यालाही मुलगा सांगितला, आता तर पाठच झाला होता. त्यानं किल्ली घासणं थांबवलं नाही. जुनं वाचनालय, म्हणाला, सरळ जा, घड्याळ बंद पडलेली इमारत, तिच्या मागे. दार पुढून दिसत नाही. मागे सायकली लावलेल्या असतात, तिथून आत. मग त्यानं किल्ली फुंकली, उजेडात धरली आणि बाईंच्या पिशवीच्या पट्ट्यावर घट्ट आवळलेल्या बोटांकडे पाहत विचारलं, "काकू, आज काही घेतलं नाहीत ना अजून?" बाई म्हणाल्या, काय घ्यायचं? तो म्हणाला, पाणी हो. ऊन फार आहे. आणि पाण्याची बाटली पुढे केली. बाईंनी ती घेतली नाही.

सायकलींपाशी त्या बराच वेळ उभ्या होत्या. दारात पांढऱ्या केसांची एक बाई होती, निवृत्त नर्स असावी. नर्सेसचे हात ओळखू येतात, सदा कोणाला तरी उठवून बसवायला तयार. तिनं नाव विचारलं नाही. फक्त विचारलं, "स्वतःसाठी आलात की घरच्यांसाठी?" आणि बाईंच्या तोंडून गोळीसारखं निघून गेलं की घरच्यांसाठी. मग या बाजूला या, म्हणाली नर्स.

आत एकच हॉल होता आणि त्याच्या मधोमध पडदा लावून दोन खोल्या केल्या होत्या. पलीकडे पिणारे. अलीकडे त्यांच्या घरचे. बाई खुर्चीवर टेकल्या आणि सगळ्यात आधी त्यांना दिसला तो पडदा. करड्या रंगाचं साधं कापड, चुण्या कशाही पाडलेल्या, आणि जमिनीपासून चांगला चार बोटं आखूड. कोण गाढवानं माप घेतलं असेल. खालची दुमड बघितली तर त्यात निदान सहा बोटं कापड आत दाबून ठेवलेलं. उसवून खाली सोडलं असतं तर जमिनीला टेकलं असतं. अर्ध्या तासाचं काम. या विचारानं बाईंना जरा बरं वाटलं. मग त्या चार बोटांच्या फटीतून पलीकडचे पाय दिसले. पॉलिश केलेले काळे बूट, टाच झिजलेले. कॅनव्हासचे बूट. एका जोडीच्या तळव्यांना पितळेचा कीस चिकटला होता, आणि दिव्याच्या उजेडात तो चमकत होता. बाई त्या चमकेकडे बघत राहिल्या. त्या बुटांच्या शेजारी एक खुर्ची रिकामी होती. तिच्या चार पायांमधून मागची भिंत दिसत होती. आणि रिकाम्या खुर्चीच्या पलीकडे सपाट चपलांतले दोन पाय, बाईमाणसाचे, वयस्कर, घोट्यापाशी सुजलेले. डावा पाय सारखा हलत होता. मशीन चालवल्यासारखा.

अलीकडे लोक एकेक करून बोलत होते. एक म्हातारा होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. आमची ही फुलांच्या कुंड्यांत लपवते, तो म्हणाला, मी रोज सगळ्या कुंड्या उकरून बघतो, आता एकही झाड जगत नाही. कोणी तरी हसलं, तोही हसला, आणि हसता हसताच त्यानं चष्मा काढून पुसला. बाईंना वाटलं, बायको? मग एक तरुण मुलगी बोलली, मांडीवर ऑफिसची पिशवी धरून. तिची आई पीत होती. आईनं खोटं बोललेलं मला चालतं, ती म्हणाली. पण मी खरं बोलले की ती घरभर सांगते, पोरगी दुष्ट आहे, हिच्या डोळ्यांत खुपते मी. मी काय करू, मला डोळे आहेत. बाईंना तिच्याकडे बघवेना. त्यांनी पडद्याकडे बघितलं. सुजलेला पाय अजून हलत होता.

मग बाईंची पाळी आली. नको असेल तर नका बोलू, असं नर्स म्हणाली; पण बाईंनी आयुष्यात कधी पाळी सोडली नव्हती. माझा मुलगा पितो, त्यांनी सुरू केलं. आवाज नीट होता. त्याला एक लहान मुलगी आहे. शाळेतून तिला आणायचं काम त्याचं. मंगळवारी आणायला गेला तो पिऊनच गेला, आणि बसच्या थांब्यावर बाकावर बसला, आणि बसल्या बसल्या झोप लागली. दिवसाउजेडी. पोर शेजारी बसून राहिली. उठवलं नाही तिनं. दमला असेल, म्हणाली. कोणी पिशवी नेऊ नये म्हणून तिनं पिशवीचा पट्टा स्वतःच्या मनगटाला गुंडाळून घेतला. तेवीस बस गेल्या. तिनं मोजल्या. नंतर सांगितल्या. रस्त्यावरचे दिवे लागले तरी ती बसून होती.

ऑफिसची पिशवी धरलेल्या मुलीनं हळूच विचारलं की मग तिला घरी कोणी आणलं.

"कोण आणणार," बाई म्हणाल्या, "तिनंच मला हाताला धरून आणलं."

बाईंना आधी कळलंच नाही की काय झालं. वर पंखा फिरत होता, त्याचं एक पातं दर फेरीला कुठे तरी घासत होतं. म्हातारा स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होता. मुलगी मात्र बाईंकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत राग नव्हता. तो असता तर बाईंना परतवता आला असता. जीभ. हिच्या जोरावर सगळं घर चालवलं, सहा मशीनं चालवली, भल्याभल्यांना गप्प केलं. तिनंच घात केला. दार सहा पावलांवर होतं. बाहेर सायकली, सरळ रस्ता, पूल, घर, खण. सून येईपर्यंत वेळ होता. सहा पावलं दार आणि चार पावलं पडदा. डोळ्यांनीच मोजलं बाईंनी, फरक निघाला नसता.

त्या उठल्या. नर्ससुद्धा उठली, पण हात पुढे केला नाही. बाई पडद्यापाशी गेल्या, कापडाला हात लावला, आणि हातानं सवयीनं त्याचा दर्जा पाहिला. हलकं. दोन धुण्यांत विरेल. मग तो बाजूला सारून त्या पलीकडे गेल्या.

किल्लीवाल्यानं मान वर केली नाही. शेजारची रिकामी खुर्ची त्यानं वीतभर मागे ओढली. "बसा काकू," तो म्हणाला. "तुमचीच ठेवली होती." बाई बसल्या. सुजलेल्या पायांची बाई त्यांच्याहून थोडी मोठी होती, केस नीट विंचरलेले, कानात मोती, कुठल्याही चांगल्या घरातली. तिनं थोडं सरकून घेतलं. इथेही कोणी घाई करत नव्हतं. बाईंनी दोन्ही हात मांडीवर दाबून धरले. आता मुलगा नव्हता, कोणीच नव्हतं. बाक होता. बाकाच्या पुढचं होतं.

"तिला उठता येत नव्हतं ना," बाई म्हणाल्या. "पट्टा मनगटाला होता. मला सोडून जायचं नव्हतं तिला. तिचा फ्रॉक ओला झाला होता." त्या थांबल्या. पंख्याचं पातं तिकडे घासलं. "घरी आल्यावर तिच्या आईसमोर मी तिलाच बोलले. म्हटलं, एवढी घोडी झालीस तरी लाज नाही. ती बुटांकडे बघत उभी राहिली."

शेजारच्या बाईचा पाय हलायचा थांबला होता. बाईंना एकदम जाणवलं की आपले पाय आता पलीकडून दिसत असणार, त्या मुलीला, म्हाताऱ्याला, धुळीनं भरलेल्या चपला आणि अंगठ्याजवळ शिवलेला पट्टा. त्यांनी पाय झटकन खुर्चीखाली ओढून घेतले. कार्ड परत मिळेल की नाही ते इथे कोणाला विचारून कळणार नव्हतं. सून देईल तेव्हा देईल, नाही तर देणार नाही. ते मागायला आता तोंड नव्हतं. इथून पडद्याची मागची बाजू दिसत होती, दुमडीतलं सहा बोटं कापड, कच्ची, वाकडीतिकडी टीप. सुई-दोरा पिशवीत होता. अर्ध्या तासाचं काम. बाईंनी पिशवीच्या तोंडापर्यंत हात नेला आणि तसाच मागे घेतला.

राहू दे, त्यांनी मनात म्हटलं. आखूडच बरा. मग त्यांनी एक पाय खुर्चीखालून पुढे काढला, थोड्या वेळानं दुसरा, आणि दोन्ही पाय सरळ जमिनीवर टेकवून त्या बसून राहिल्या.